आधी गोष्ट, मग चित्र

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. मी दोन्ही केलेलं आहे आणि दोन्हींतून बऱ्यापैकी शाबूत बाहेर आलो आहे. पण ही म्हण ज्याने काढली, त्याने इमारतीतली पोरं गोळा करून त्यांना चित्रांच्या पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवण्याचा आणि मग त्यांच्याकडून चित्र काढून घेण्याचा उद्योग केलेला नसावा. नाहीतर म्हणीला तिसरं कलम नक्की जोडलं गेलं असतं.

या उद्योगाचं मूळ म्हणजे आमची नात. शाळेत तिला दुसरं नाव आहे, घरात ती ठकू. ठकू पहिलीत आहे. वर्गात बाईंनी 'माझे घर' हे चित्र काढायला सांगितलं, तर हिने आमचंच घर काढलं. सपाट डोक्याची इमारत, मधल्या मजल्यावर आमच्या खोल्या, आणि जिथून पाइप गळतो तिथे एक ठसठशीत थेंब. बाईंनी तो कागद सगळ्या वर्गासमोर धरला आणि विचारलं, "असं घर असतं का?" वर्ग हसला. घर म्हणजे वर त्रिकोणी छप्पर, मागे दोन डोंगर, डोंगरांच्या मधून डोकावणारा सूर्य आणि पुढे वळणाची वाट, हे बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी ठकूने पेन्सिल खाली ठेवली ती ठेवलीच. कागद पुढे सरकवला की म्हणायची, "मला येत नाही," आणि हात मांडीखाली घालून बसायची.

मला हे फार लागलं. मी नोकरीभर पालिकेच्या बांधकाम खात्यात नकाशे काढले. माझ्या हाताखालून कितीक शाळा, पूल आणि पाण्याच्या टाक्या गेल्या. त्यांतल्या काही अजून उभ्याही आहेत. मुलाने रेषेशी कधी सोयरिक केली नाही, तो आकडेमोडीच्या धंद्यात गेला. आता कुठे नातीच्या बोटांत रेघ उतरली होती, तर ती त्रिकोणी छपराखाली चिरडली गेली. आमच्या बंद गॅलरीत बसून मी तिला रोज पुस्तकं वाचून दाखवायचो. गोष्ट ती डोळे मोठे करून ऐकायची, आणि चित्राचा विषय निघाला की पुन्हा हात मांडीखाली.

बंद गॅलरी म्हटल्यावर इथेच सांगून टाकतो. आमची गॅलरी आम्ही काचा लावून, खाली विटांचा बांध घालून बंद करून घेतलेली आहे. तिथे ठकूची खाट आहे, माझा नकाशे काढायचा फळा आहे आणि पुस्तकांची फळी आहे. घरातली सगळ्यात चांगली जागा तीच. अशी गॅलरी बंद करायला पालिकेची परवानगी लागते हे मला ठाऊक होतं, कारण तसल्या परवानग्यांचे नकाशे तपासण्यातच माझे केस गेले. पण दिव्याखाली अंधार असायचाच. शिवाय अख्ख्या इमारतीत उघडी गॅलरी औषधालासुद्धा सापडली नसती, त्यामुळे आपण काही वेगळं करतोय असं कधी वाटलंच नाही.

तर एकदा आमची ही म्हणाली, "एकटीला समोर बसवता म्हणून तिला परीक्षा वाटते. चार पोरं गोळा करा, खेळ होईल." ही क्वचित बोलते आणि बोलते ते बहुधा बरोबर असतं, ही गोष्ट मी तिला अद्याप कळू दिलेली नाही. मी लगेच इमारतीचा हॉल मागायला अध्यक्षांकडे गेलो.

अध्यक्ष म्हणजे आमच्या इमारतीच्या समितीचे अध्यक्ष. ते सर्वांत वरच्या मजल्यावर राहतात, आणि त्यांच्याही वर, गच्चीत, त्यांची एक खोली आहे. तिला ते 'टाकीची खोली' म्हणतात. तिच्यात पलंग आहे, टीव्ही आहे, आरामखुर्ची आहे. टाकी तेवढी नाही. अध्यक्षांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि नियमावर बोट ठेवलं: हॉल फक्त सभेसाठी. मग त्यांनीच तोड काढली. दर शनिवारी मुलांची सभा भरली आहे असं दाखवायचं. पण सभा म्हटली की विषय हवा, विषय म्हटला की ठराव, आणि ठराव म्हटला की सूचक व अनुमोदक. अशा रीतीने 'गेंड्याची गोष्ट ऐकण्यात यावी' हा ठराव दाताच्या डॉक्टरांच्या मुलीने मांडला. त्याला ज्या चिमुरड्याने अनुमोदन द्यायचं होतं, तो तोपर्यंत झोपला होता. अध्यक्षांनी त्याची झोप म्हणजे मूक संमती धरली आणि आमचं घोडं एकदाचं गंगेत न्हालं.

सल्ले देणाऱ्यांना मात्र ठराव लागत नाही. दाताच्या डॉक्टरांनी, जे आमच्या शेजारीच राहतात आणि ज्यांच्या बंद गॅलरीत पेशंट ताटकळत बसलेले असतात, रंगीत खडू पोरं चावणारच असं बजावून प्रत्येकासाठी छोटा ब्रश पाठवला. पोरांनी तो रंगात बुडवला. तळमजल्यावरचे वकील, ज्यांचं ऑफिस जिन्याखालच्या सामाईक जागेत आहे, त्यांनी पुस्तक आधी तपासायला मागितलं. त्या पुस्तकात एका गेंड्याला घर हवं असतं. तो चिमणीच्या घरट्यात शिरून बघतो, घरटं पडतं. सशाच्या बिळात शिरतो, अडकतो. असं करत करत तो सगळ्या रानाची घरं पाहून येतो. वकिलांनी चष्मा पुसत मत दिलं की हा सरळ सरळ अनधिकृत प्रवेश आहे आणि मुलांना वाचून दाखवण्यापूर्वी गेंड्याच्या वर्तनाशी समिती सहमत नाही असं जाहीर करावं. उंटावरचे शहाणे म्हणतात ते हेच. मी तसं जाहीर केलं. मुलांना तो भाग सगळ्यात आवडला आणि पुढे दर शनिवारी ती तेवढंच वाक्य एका सुरात म्हणू लागली.

माझी पद्धत सोपी होती. आधी गोष्ट, मग चित्र. गोष्ट पूर्ण झाल्याशिवाय पेन्सिलीला हात लावायचा नाही. गोष्ट ऐकता ऐकता माणसाची बोटं सैल पडतात, असा माझा अनुभव आहे. सरकारी कामातही आधी चहा आणि गप्पा व्हायच्या आणि मगच रेषा सरळ यायची. नंतर मी फळ्यावर एकेक रेघ काढायचो आणि पोरं ती कागदावर काढायची. आता तीस-पस्तीस वर्षं इमारती काढलेला माणूस गेंडा कसा काढणार? मी समोरून दिसणारा गेंडा काढला, बाजूने दिसणारा काढला आणि वरून दिसणाराही काढला. वरून गेंडा शिंग फुटलेल्या बटाट्यासारखा दिसतो. पोरं हसून हसून लोळली. त्या भरात मी गेंड्याचा उभा छेद काढायला घेतला, तेव्हा मात्र एका मुलीने भोकाड पसरलं आणि मला गेंडा परत शिवावा लागला.

चित्र झालं की मी त्याच्या खालच्या कोपऱ्यात 'तपासले, बरोबर' लिहून सही करायचो, ऑफिसात करायचो तशी. त्या सहीसाठी पोरं जीव टाकत. पण माप चुकलं तर सही नाही. डॉक्टरांच्या मुलीने स्वतःला फ्रिजपेक्षा उंच काढलं, तेव्हा मी तिला परत पाठवलं. ही म्हणाली, लहान मूल आहे, करा की सही. मी म्हणालो, माप म्हणजे माप. यावर हिने जो चेहरा केला, त्याचं मी सविस्तर वर्णन करू शकतो, पण विषयांतर होईल.

ठकू या सगळ्यात माझ्या शेजारी बसून पुस्तकाची पानं उलटायची. वकिलांचं वाक्य ती सगळ्यांत मोठ्याने म्हणायची. पण चित्राची वेळ आली की तिच्या पुढ्यातला कागद कोराच्या कोरा. दर शनिवारी सगळं आटोपल्यावर मी तो कोरा कागद गुपचूप उचलून ठेवायचो, आणि जिना चढताना माझे गुडघे जरा जास्तच दुखायचे.

म्हणून मी ठरवलं की जिथे ठेच लागली तिथूनच उठायचं. गेंडा सगळ्यांची घरं पाहून आला, आता आपण आपापली घरं काढू. मात्र छप्पर, डोंगर, सूर्य यांना सक्त बंदी. आपण राहतो तेच घर, आणि मापात. पावलं टाकून खोल्या मोजायच्या, भिंत दुहेरी रेघेने दाखवायची, दार कुठे उघडतं ते गोलाकार रेघेने, म्हणजे कंसाने, दाखवायचं, आणि घर वरून बघायचं, छप्पर उचलून आत डोकावल्यासारखं. पोरांच्या अंगात आलं. आठवडाभर इमारतीत पावलं मोजण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. आंघोळीला गेलेल्या बापांना दाराबाहेरून मापं विचारली जात होती. पुढच्या शनिवारी चित्रं पुढे आली आणि खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. खात्यात आयुष्य घालवलेल्यांनी काढली नसती इतकी अचूक. मी धडाधड सह्या केल्या. ठकूने सगळ्यांना पावलं मोजायला मदत केली होती, दाराला कंस कसा द्यायचा हे शिकवलं होतं. स्वतःचा कागद कोरा.

पोरांच्या कौतुकाने आईबाप हरखले. आपला तो बाब्या, हे ओघाने आलंच. अध्यक्षांनी लगेच प्रदर्शन भरवायचं काढलं, कारण त्यांच्या नातवाचं चित्र सगळ्यांत मोठं होतं. प्रदर्शन म्हटलं की पाहुणा हवा, आणि पाहुणा गाडीतून उतरणारा हवा. तेव्हा माझ्या तोंडून अभिमानाने निघून गेलं की पालिकेचे बांधकाम निरीक्षक माझ्या हाताखाली तयार झालेले आहेत. ते नवीन असताना मी त्यांच्याकडून इतकं खोडून घेतलं होतं की ऑफिसात त्यांना सगळे खोडरबर म्हणायचे. समितीने टाळ्या वाजवल्या. मी फोन केला. खोडरबर आनंदाने हो म्हणाला, आणि मी त्याला 'अहो' म्हणण्याची आरशासमोर तालीम सुरू केली.

प्रदर्शनाच्या सकाळी हॉलच्या भिंतीवर चित्रं लागली. पोरं नवे कपडे घालायला घरी गेली. मोठी माणसं हात मागे बांधून हिंडत होती, आपापल्या घरासमोर थांबून मान डोलावत होती. वकील एका चित्रासमोर जरा जास्तच वेळ थांबले. मग दुसऱ्यासमोर. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला आणि अत्यंत हळू आवाजात विचारलं, "पाहुणे कोणत्या खात्याचे म्हणालात?"

मी अभिमानाने सांगितलं. सांगता सांगताच माझी नजर भिंतीवर गेली, आणि जे मी धडाधड सह्या करताना पाहिलं होतं ते मला पहिल्यांदा दिसलं. अध्यक्षांच्या नातवाने गच्चीतली खोली पलंगासकट काढली होती आणि तिला ठळक अक्षरांत 'टाकी नसलेली टाकीची खोली' असं नाव दिलं होतं. जिन्याखाली वकिलांचं ऑफिस होतं, लांबी-रुंदीसह. डॉक्टरांच्या मुलीने बंद गॅलरीत दात धरून बसलेला पेशंटही दाखवला होता. खालून वरपर्यंत एकेक बंद गॅलरी, दुहेरी रेघेत, मापात. आणि प्रत्येकीखाली माझी सही. तपासले, बरोबर. अख्ख्या इमारतीचा कबुलीजबाब मी स्वतः तपासून भिंतीवर टांगला होता. हात दाखवून अवलक्षण याचं इतकं सुबक उदाहरण दुसरीकडे मिळणार नाही.

सगळ्यांची पाचावर धारण बसली. चित्रं काढून टाकावीत तर पाहुणा कोऱ्या भिंती बघून काय म्हणेल. ही म्हणाली की मग गेंडेच लावा, घराघरांत पडलेत. पण तोपर्यंत अध्यक्षांनी तातडीची सभा जाहीर करून ठराव मंजूर करून घेतला होता, की सर्व सभासदांनी आपापल्या घराचं चित्र नव्याने काढावं, गॅलऱ्या उघड्या दाखवाव्यात आणि काढणाऱ्याने मूल असल्याचा आभास निर्माण करावा. गेंड्यांची सूचना उपविषय म्हणून पुढच्या सभेवर ढकलण्यात आली.

मार्गदर्शन अर्थात मी करायचं. इमारतीतली सगळी कर्ती माणसं चटयांवर मांडी घालून बसली. निम्म्यांना मांडी घालता येईना, त्यांना भिंतीला टेकवलं. आणि इथे माझा अपमानित स्वाभिमान जागा झाला. माझ्या पोरांची इतकी सुंदर चित्रं उतरवून खोटी लावायची, तर निदान पद्धत तरी माझी. मी जाहीर केलं की आधी गोष्ट, मग चित्र. अध्यक्ष घड्याळ दाखवू लागले. मी पुस्तक उघडलं आणि गेंडा चालू लागला.

सुरुवातीला कुणाचं लक्ष नव्हतं. पण गेंडा सशाच्या बिळात अडकला तेव्हा डॉक्टर पुढे सरकून बसले. तो कासवाकडे गेला आणि कासव म्हणालं की माझं घर मी बाहेरून कधी पाहिलेलंच नाही, तेव्हा वकिलांनी शेजाऱ्याला गप्प बसायला सांगितलं. वादळ येऊन सगळ्यांची घरं उडतात, इथे पोचेपर्यंत अध्यक्ष घड्याळ विसरले होते आणि मग पुढे काय झालं ते अधीरपणे विचारत होते. पण मी पान उलटणार एवढ्यात कुणीतरी म्हणालं की वेळ भरत आला, आणि शेवट राहिला. पोरांची चित्रं भिंतीवरून उतरली, खडू वाटले गेले. हिरव्या खडूवरून डॉक्टर आणि वकील यांच्यात जे झालं ते मी इथे लिहीत नाही, कारण दोघांचे संबंध आता पूर्ववत आहेत.

मी सांगितलं, एक आडवी रेघ काढा, मग कठड्याचे गज. कोण ऐकतो. हातात खडू येताच सगळ्यांच्या बोटांनी शाळेतली वाट धरली. थोड्या वेळाने मी फेरी मारून बघतो तर हॉलभर त्रिकोणी छपरं. प्रत्येक कागदावर मागे दोन डोंगर, मधून सूर्य, वर चार पक्षी, पुढे वळणाची वाट. वकिलांनी तर एक नदी काढून तीत होडी सोडली होती. आमच्या सपाट, पाइप गळणाऱ्या इमारतीची अशी कितीतरी टुमदार घरं झाली होती, आणि त्यांत गॅलरी नावाची वस्तूच नव्हती, ना उघडी ना बंद. जीभ बाहेर काढून अध्यक्ष सूर्याला किरणं लावत होते.

तेवढ्यात ठकू आत आली. नवा फ्रॉक, हातात पाण्याची बाटली. ती चटयांमधून फिरली. कुणाच्या डोंगरापाशी थांबली, कुणाच्या होडीपाशी थांबली. शेवटी अध्यक्षांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या कागदाकडे वाकून बघत तिने विचारलं, "असं घर असतं का?"

त्यात चिडवणं नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. अध्यक्ष किरण अर्धवट सोडून वर बघू लागले. त्यांनी कागद बघितला, मग हॉलचं छत बघितलं, आणि कबूल केलं की नाही, असं नसतं. आपल्याला एवढंच येतं, असंही ते म्हणाले. ठकूला हसू फुटलं. ते आधी नाकातून आलं, मग पोटातून, मग ती पोट धरून चटईवरच बसली. एवढी मोठी टक्कल पडलेली माणसं, आणि एकालाही येत नव्हतं. तिने अध्यक्षांच्या हातातला खडू काढून घेतला, एक कोरा कागद ओढला आणि पालथी पडून काढायला लागली.

मी ते पाहिलं. हिनेही दारातून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मला पुढे जाऊन बघायचं होतं आणि मी जागचा हललो नाही, कारण चिमणी खिडकीत बसली की हलायचं नसतं. त्यामुळे दारात दुसरं कोण येऊन उभं आहे हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

खोडरबर वेळेआधी आला होता. ही सवय मीच लावलेली. त्याच्या समोर चटयांवर पसरलेली प्रतिष्ठित मंडळी होती, सगळ्यांची बोटं रंगलेली, आणि डॉक्टरांच्या नाकावर हिरवा डाग. तालीम केलेला 'अहो' माझ्या घशात अडकला आणि तोंडातून निघालं, "ये रे, बस." तो बसलासुद्धा, चटईवर. मग उठला आणि चित्रं बघत फिरू लागला. डोंगर बघितले, सूर्य बघितले, होडीपाशी किंचित थांबला. माझी खोटी चित्रं आणि माझा शिष्य यांची भेट बघताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण अध्यक्षांच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू रंग परत येत होता.

शेवटी तो ठकूपाशी पोचला. तिचं चित्र नुकतंच पुरं झालं होतं. तिने ते स्वतः उचलून त्याच्या हातात दिलं. छप्पर उचलून वरून पाहिलेलं आमचं घर. दुहेरी भिंती, दारांचे कंस, स्वयंपाकघरात थेंब. आणि पुढच्या बाजूला बंद गॅलरी. तिच्यात खाट, फळा, पुस्तकांची फळी, आणि वरून दिसणारा मी, म्हणजे एक गोल टक्कल आणि त्याला नाकाचं टोक.

खोडरबरने चित्र बराच वेळ पाहिलं. मग त्याने वाकून विचारलं, "बाळ, ही गॅलरी बंद केलेली आहे?"

ठकूने मान वर केली. तिने माझ्याकडे बघितलं. वकिलांनी घसा खाकरला. अध्यक्ष भुवयांनी मला काहीतरी सुचवत होते. सोपं होतं हो. लहान मूल आहे, मनाने काहीतरी काढलंय, एवढं म्हटलं की सुटलो असतो. पण हे वाक्य आणि बाईंचं 'असं घर असतं का' हे वाक्य, एकाच आईची लेकरं. मी हिच्याकडे पाहिलं. हिने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला ओळखता येत नाही.

"आहे," मी म्हणालो. "बंद केलेली आहे. परवानगीशिवाय. चित्र अगदी बरोबर आहे."

आणि खिशातली पेन्सिल काढून मी तिथेच, सगळ्यांदेखत, खाली सही केली. ठकूने ती वाचली, एकेक अक्षर लावून.

खोडरबर हसला. म्हणाला, "मला ठाऊक आहे, साहेब. मी गाडी रस्त्यापलीकडे लावली. तिथून तुमची सगळी इमारत दिसते."

हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. सकाळपासून आम्ही कागदावरच्या गॅलऱ्या उघडत होतो, आणि खऱ्या गॅलऱ्या सगळ्याच्या सगळ्या काचा चमकवत रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. गच्चीतल्या खोलीवर तर अध्यक्षांनी टीव्हीची तबकडी बसवली होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आम्ही लहानपणी पाठ केलं आणि वापरायच्या वेळी विसरलो. अध्यक्षांनी हातातला खडू चटईवर ठेवला. वकिलांनी, काहीतरी करायचं म्हणून, होडीला शीड काढलं.

पण आज आपण सुट्टीवर आहोत, चित्रं बघायला आलो आहोत, असं खोडरबर म्हणाला. मग पोरं आली, खरी चित्रं परत भिंतीवर लागली, आणि त्याने प्रत्येक चित्र असं बघितलं की ऑफिसात मला वाटलं असतं, आता हा बढतीला योग्य झाला. जाण्याआधी डॉक्टरांनी हळूच विचारलं की गेंड्याचं पुढे काय झालं. मग सगळे पुन्हा बसले आणि मी शेवटचं पान वाचलं: वादळात घरं उडालेले ससे, चिमण्या, कासव सगळे येऊन गेंड्याच्या पोटाखाली दाटीवाटीने बसतात आणि गेंड्याला कळतं की आपणच घर आहोत. खोडरबरने तेवढ्यात डोळ्यांत काहीतरी गेल्याचं दाखवलं. गेंड्याची कातडी फक्त गोष्टीतल्या गेंड्यालाच असते.

सुट्टी संपल्यावर नोटिसा आल्या, सगळ्यांना. ऑफिसात शिकवलेलं इतकं चोख कुणी लक्षात ठेवेल असं मला वाटलं नव्हतं. अध्यक्ष काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि मग बोलावं लागलं, कारण नोटिशीसोबत प्रत्येकाला घराचा आहे तसा नकाशा द्यायचा होता आणि इमारतीत बिनचूक नकाशे फक्त पोरांकडे होते. आमची गॅलरी सर्वांत आधी फुटली. काचा उतरल्या, बांध पडला, ठकूची खाट आमच्या खोलीत आली, फळा पलंगामागे गेला. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. ही मात्र उघड्या गॅलरीत खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली की वारा येतो, एवढी वर्षं कुठे होता कुणास ठाऊक.

शनिवार चालू आहेत. अनुमोदनाला आता अध्यक्ष स्वतः असतात, आणि ते झोपत नाहीत. त्रिकोणी छप्पर काढायचं त्यांनी सोडलेलं नाही, पण खाली पाइपाचा थेंब दाखवतात.

काल ठकूने नवीन चित्र आणलं. समोरून दिसणारी आमची इमारत. उघडी गॅलरी, कठड्याचे गज अगदी बरोबर, मी मोजले. गॅलरीत पुस्तक घेऊन बसलेला मी, आणि मी गॅलरीत मावतच नव्हतो. माझे पाय वकिलांच्या ऑफिसात पोचले होते आणि टक्कल गच्चीच्या वर गेलं होतं. माझ्या पोटाखाली सगळी घरं, एकेका खिडकीत एकेक माणूस. असल्या मापाचा कागद मी नोकरीत फाडून परत केला असता.

"आजोबा, तपासा," ती म्हणाली.

मी पट्टी घेतली, उगाच इकडून तिकडे लावून बघितली, आणि हिच्याकडे न बघता कोपऱ्यात लिहिलं: तपासले, बरोबर.